होकार परत घ्या

शेकी, २ मार्च

मुख्तार,

पत्र बघून दचकू नका. कुणी मेलेलं नाही. मेलं असतं तर तुमच्या बहिणीनं कळवलं असतंच. ती दर शुक्रवारी तुमच्याशी बोलते हे मला माहीत नाही, असं तिला वाटतं. माझा नंबर तुम्ही बंद करून ठेवलाय. दुसऱ्या नंबरावरून लावला तर ती बाई उचलते आणि रशियनमध्ये 'कोण, कोण' करते. मी कोण, हे मी तिला काय सांगू? तुम्हीच सांगायला हवं होतं.

म्हणून कागद. कागदाला बंद करता येत नाही. गल्लीतला झाकिर टोमॅटोचा ट्रक घेऊन रशियात, तुमच्या सुरगुतला निघालाय, तुमच्याच बाजारात माल उतरवणार आहे. सरहद्द माणसांना बंद आणि टोमॅटोंना उघडी. न येण्याचं निमित्त तुम्हाला सरकारनंच काढून दिलं. विमानं मात्र उडतात. हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.

कामाचं बोलते. तेयमूरला लग्न करायचंय. करायचंय कसलं, ठरवून मोकळा झालाय. मी हलव्याच्या भट्टीवरून दमून आले, तर जेवता जेवता म्हणतो, "आई, मुलगी बघितलीय. तू फक्त सुरैया आत्याला घेऊन जाऊन ये."

"बघितलीय? कुणी बघितली?"

"मी."

"मग माझं काय काम? ताटं वाढायची?"

हसला. तुमच्यासारखं हसतो, मान वाकडी करून. मला राग आवरेना. काय तर म्हणे, पोरीनं बाकूच्या समुद्रकाठचा फोटो टाकला, यानं त्याखाली बदाम टाकला, आणि झाली सोयरीक! वर्षभर फोनवर गुलुगुलु, आणि पोरगी सुट्टीला आली की कारवानसरायच्या बागेत चहा. चारचौघांत! सगळ्या शेकीनं बघितलं असेल, एक मी सोडून. आमच्या वेळी तुम्ही मला बघितलंत ते माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात, तेही मी उष्टी ताटं उचलत असताना. मग तुमची आई, आत्या आणि शेजारीण अशा तिघी जणी 'पाणी प्यायला' म्हणून आल्या आणि माझे दात सुद्धा मोजून गेल्या. मला लाज वाटली होती, पण ती पद्धत होती. पद्धतीनं काय पदरात टाकलं ते आता नको.

मुलगी नदीपलीकडच्या अलीसफा मास्तरांची. फिदान नाव. बाकूत औषधांचं शिकते, पुढचं वर्ष शेवटचं. मास्तर जुन्या वळणाचे. त्यांनी निरोप धाडलाय की मुलाचा बाप येऊन बसल्याशिवाय मी शब्द देणार नाही.

म्हणून तुम्ही या. एक दिवस या. टोपी घाला, पाय दुमडून बसा, मागणी घाला, चहा प्या आणि जा. मी तुम्हाला काही विचारणार नाही. गल्लीत मी सांगून ठेवलंय की तिकडे मोठं कंत्राट आहे, महिन्याच्या महिन्याला सगळं पाठवतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मी आजवर झाकून धरलीय, माझी बोटं दुखली तरी. एक दिवस तुम्ही धरा.

मेलाहत


शेकी, २५ मार्च

मुख्तार,

झाकिर परत आला. पत्र तुमच्या हातात दिलं म्हणाला. तुम्ही तिथेच पेटीवर बसून वाचलंत, घडी करून खिशात ठेवलंत आणि म्हणालात, "बघतो." बघतो! एकुलत्या एका मुलाचं लग्न, आणि तुम्ही बघता! पेटीतला टोमॅटो दाबून बघता तसं?

आम्ही वाट बघितली नाही. नवरोज तोंडावर आला होता, आणि सणाला मुलाकडून ताटं गेली नाहीत तर ठरलेलं नाही असाच अर्थ. मी, तुमची बहीण आणि मशिदीशेजारचे म्हातारे हाजी गाफार असे गेलो. वाटेत सुरैया वन्सं माझा हात दाबत होत्या, "काय सांगशील? मुख्तारचं काय सांगशील?" मी म्हटलं, ते माझ्यावर सोडा.

अलीसफा मास्तरांनी पहिलाच प्रश्न तो केला. "मुख्तारभाई कुठे?"

"पाय मोडलाय," मी म्हटलं. "बर्फावर घसरले. मांडीपर्यंत प्लास्टर. रडत होते बिचारे फोनवर, मला मुलाच्या मागणीला येता आलं नाही म्हणून."

रडत होते! माझ्या तोंडून हे कसं निघालं ते माझं मला माहीत. हाजी गाफार लगेच म्हणाले, "बर्फ वाईट." मास्तरांच्या बायकोला, खुरामानला, इतकं वाईट वाटलं की तिनं हाडं जुळायला कुठलं मलम लावायचं तेही सांगितलं. मी मान डोलावली. अख्ख्या आयुष्यात इतकं मोठं खोटं कधी बोलले नव्हते, आणि तेही तुमच्या त्या धडधाकट पायांसाठी.

मग मुलीला बोलावलं. ती आली आणि खाली बघण्याऐवजी सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. "मावशी, माझं शेवटचं वर्ष राहिलंय. ते पुरं करीन, मग लग्न. तेयमूरशी बोललेय मी." म्हणजे मुलीनं अट घातली, मागणीच्या दिवशी, थोरांसमोर! वन्संनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. आमच्या वेळी कुणी असं तोंड उघडलं असतं तर शेजारच्या गावात ऐकू गेलं असतं. घरी येईपर्यंत मी फणफणत होते. रात्री मात्र मनात आलं की चहाचा पेला तिच्या हातात अजिबात हलत नव्हता. असो.

चहा आला, साखर आतच ढवळलेला, गोड. गोड चहा म्हणजे होकार, तो मिळाला. हाजींनी दुआ म्हटली, वन्संनी मुलीच्या खांद्यावर रेशमी ओढणी टाकली, बोटात अंगठी घातली.

नवरोजला ताटं पाठवली. शेकरबुऱ्याच्या करंज्या मी स्वतः केल्या, चिमट्यानं एकेक कळी पाडून. मधोमध समेनी, गव्हाचे हिरवे अंकुर, मेणबत्त्या, आणि एका ताटात लाल फीत बांधलेला नवाकोरा फोन. मी म्हटलं, "हे काय? सणाच्या ताटात फोन?" तेयमूरचंच मोबाइलचं दुकान, त्याला काय, सगळीकडे फोनच दिसणार. म्हणाला, "आई, आता सोन्यापेक्षा मुलींना हेच आवडतं. मी सगळं आत बसवून दिलंय." काय बसवलंय ते मी विचारलं नाही. मला कुठलं कळतंय त्यातलं?

तुमच्या पायाला आराम पडला की कळवा. सगळी गल्ली विचारते.

मेलाहत


शेकी, ८ मे

मुख्तार,

फक्त एवढंच सांगायला लिहितेय की मुलगा तुमच्यावर गेलेला नाही.

दिवसभर तिला फोन करतो. वर्गात आहेस का, जेवलीस का, खोलीवर पोचलीस का, कुणाबरोबर आहेस. तिचा फोन कुठे आहे तेही त्याला नकाशावर दिसतं, एक निळा ठिपका. जेवताना तो ठिपका ताटाशेजारी ठेवून जेवतो. मी आधी हसले, मग डोळ्यांत पाणी आलं. कुणी तरी कुणाला इतकं विचारतं! मला तुम्ही गेल्यापासून एकदा तरी विचारलंत का, मेलाहत, पोचलीस का?

पोरीच्या मात्र अंगात मस्ती आहे. मधूनच फोन बंद करून टाकते. तेयमूरचा चेहरा पडतो. मी वन्संना म्हटलं, देव एकाला दात देतो आणि चणे दुसऱ्याला. ज्याला विचारणारा मिळालाय त्याला किंमत नाही.

कुर्बानीच्या ईदला मुलीकडे मेंढा पाठवायचा आहे. कपाळावर मेंदी, गळ्यात लाल फीत, रीतसर. त्याच बैठकीत लग्नाची तारीख धरू. तेयमूर म्हणतो ऑगस्ट. मी म्हटलं, तिचं शेवटचं वर्ष? तर म्हणाला, "बोलून घेईन मी." म्हणजे ती मानली असेल.

मेलाहत


शेकी, १ जून

मुख्तार,

आज मी जे लिहितेय ते शांतपणे वाचा. मी शांतपणे लिहू शकत नाही.

काल दुपारी मी भट्टीवर एकटी होते. रिश्ता पाडत होते, तापलेल्या तव्यावर तांदळाच्या पिठाची जाळी, जरा नजर हलली की करपते. दारात फिदान उभी. परीक्षेच्या मधल्या सुट्टीत आलेली. रोड झाली होती.

"मावशी, वेळ आहे?"

"पिठाला नाही, मला आहे. बोल."

तिनं फोन पाटावर ठेवला. तो वाजला. तिनं उचलला नाही. पुन्हा वाजला. "उचल की बाई," मी म्हटलं, "माझाच मुलगा ना तो?"

"तुमचाच. म्हणूनच तुमच्यासमोर उचलते. तुम्ही फक्त बोलू नका."

आणि मग मी माझ्या मुलाचा आवाज ऐकला. घरातला नव्हे. दुसराच.

"कुठे आहेस?"

"शेकीत."

"शेकीत ते दिसतंय मला. बाजाराच्या मागे दिसतेयस. काय आहे तिथे?"

"हलव्याच्या भट्ट्या. त्यातल्या एकीत आहे."

"तिथे तुझं काय काम? कोण आहे?"

"एक बाई आहेत."

"दाखव. फिरव फोन. सावकाश फिरव, एवढी घाई कशाला? भिंत दाखव. आता दार. दारामागे काय आहे?"

"तेयमूर, मी दमले रे आता."

"दमलीस? नुसता फोन फिरवायला सांगितला तर दमलीस? माझ्या आईकडे बघ. बापानं तिकडे दुसरं घर केलं, सहा वर्षं झाली, तिनं तोंडातून शब्द काढला नाही. गल्लीला पत्ता लागू दिला नाही. बायको अशी असते. तू शीक तिच्याकडून."

फिदाननं फोन आणखी थोडा फिरवला. माझ्याकडे.

मी पिठाचे हात तसेच घेऊन उभी होते. मला पडद्यावर त्याचं तोंड दिसलं, अर्धवट उघडं. "आई?" म्हणाला.

"भिंत बघितलीस, दार बघितलंस," मी म्हटलं. "आता आई बघ."

त्यानं फोन ठेवला. तव्यावरची जाळी करपली होती. सगळ्या भट्टीत वास.

खोटं का बोलू, आधी मी तिच्यावरच ओरडले. "बागेत चहा पीत होतीस तेव्हा कळलं नाही कसा आहे तो? वर्षभर काय केलंत मग?"

ती म्हणाली, "तेव्हा विचारायचा, घरी पोचलीस का. मला आवडायचं, मावशी. आता विचारतो, घरीच आहेस हे कशावरून."

मला मी तुम्हाला लिहिलेलं आठवलं, तो निळा ठिपका आणि माझे ते अश्रू. आग लागो त्या अश्रूंना.

तिनं सगळं सांगितलं. तो म्हणतो शेवटचं वर्ष सोड, ऑगस्टमध्ये लग्न, बाकू बंद. पासवर्ड सगळे त्याच्याकडे. वर्गातल्या मुलांची नावं त्यानं फोनमधून खोडून टाकलीत. तिनं बापाला अंगठी परत करूया म्हणून सांगितलं. मास्तर म्हणाले, आपल्या घरात गोड चहा ढवळला गेलाय, लोक काय म्हणतील? खुरामान तर रडायलाच बसली: अंगठी आपण परत केली की लोक विचारतात, मुलीचं बाहेर काही आहे का, आणि त्यांनी परत नेली की विचारतात, मुलीत काय सापडलं? दोन्हीकडून मुलगीच मेली.

"तुम्हीच काही तरी करा," ती म्हणाली. "माझ्याकडे दुसरं कुणी नाही."

आज त्याला जेवायला बसवलं आणि विचारलं. मला वाटलं मान खाली घालेल. कसलं! "आई, तुला कळत नाही, आता सगळे असेच असतात. माझ्या सगळ्या मित्रांकडे त्यांच्या मुलींचे पासवर्ड आहेत. लपवायचं नसेल तर दाखवायला काय हरकत?"

"तुझा पासवर्ड आहे तिच्याकडे?"

"माझं वेगळं. मी पुरुष आहे."

बघा! ही यांची नवी तऱ्हा! मी मूर्ख बाई समजत होते की पोरं पुढे गेली, आपण मागे राहिलो. फोटो, बदाम, बागेतला चहा! नवा आहे तो नुसता चहा, पहारा जुनाच आहे. आमच्या वेळी पहाऱ्याला सासू लागायची, नणंद लागायची, दोन शेजारणी लागायच्या. आता एक फोन पुरतो, आणि तोही लाल फीत बांधून आमच्याच ताटातून जातो!

आणि माझं गप्प बसणं? मी का गप्प बसले? तुमच्यासाठी? तुमच्या प्रेमापोटी? या मुलाला शाळेत कुणी टोमणा मारू नये म्हणून बसले. त्याचं कौतुक करून त्यानं माझ्या गप्प बसण्याची छडी केली, आणि ती दुसऱ्याच्या मुलीवर उगारली. मला हे सहन होत नाही, मुख्तार. तुम्ही गेलात ते मी सोसलं, हे मी सोसणार नाही.

तुम्ही त्याला एक शब्द लिहा. फोन करा. तुमचं तो अजून ऐकतो, का ते देव जाणे. सांगा की पोरीला सोड. ईद पाच दिवसांवर आहे, मेंढा अंगणात बांधलाय. तो मेंढा त्यांच्या अंगणात गेला की संपलं. झाकिर आज पत्र नेत नाही, म्हणून वन्संकडे दिलंय, त्या फोटो काढून तुम्हाला पाठवतील. फोटो त्यांनी पाठवलाच पाहिजे, मी त्यांच्या दारात उभी राहून बघणार आहे.

मेलाहत


शेकी, ४ जून

फोटो पोचला. वाचलंत हेही दिसतंय, दोन निळ्या खुणा आल्यात. उत्तर नाही.

ठीक आहे.


शेकी, ९ जून

मुख्तार,

हे तुम्हाला तुमच्या बहिणीकडून कळलंच असेल, पण ती रडून सांगते, त्यात अर्धं सुटतं. माझ्याकडून ऐका.

ईदच्या सकाळी वन्संनी मेंढ्याच्या कपाळाला मेंदी लावली, पाठीवर लावली, गळ्यात लाल फीत बांधली. चांगला दांडगा मेंढा होता. तेयमूरनं पांढरा सदरा घातला होता, दोर त्याच्याच हातात. हाजी गाफार पुढे, मागे गल्लीतल्या बायका ताटं घेऊन. सगळी गल्ली नटली होती. मी काही बोलले नाही. त्याला वाटलं आईचा राग गेला. मध्ये एकदा म्हणाला, "आई, ऑगस्टची बावीस तारीख बरी ना?" मी म्हटलं, "बघू." तुमच्याकडून शिकलेय.

मला रात्रभर एकच दिसत होतं: अंगठी कुणीही परत केली तरी लोक मुलीत खोट शोधणार. मग लोकांना आधीच अशी एखादी खोट दाखवायला हवी की दुसरी शोधायची गरजच पडू नये. आणि आमच्या घरात एक खोट होती, चांगली मोठी, मीच धुऊन-पुसून ठेवलेली.

मास्तरांनी फाटक उघडलं. खुरामान हातात पाणी घेऊन उभी. सगळे शेजारी फाटकांत आलेले. फिदान वरच्या सज्जात होती, पांढरीफटक. मी हाजींच्या पुढे गेले.

"मास्तर, मेंढा आत घेऊ नका. आधी ऐका."

"बोला, ताई," ते म्हणाले, हसतच.

"मी तुमच्या घरात बसून, तुमचा चहा पिऊन खोटं बोलले. मुख्तारचा पाय मोडलेला नाही. दोन्ही पायांवर धडधाकट उभा आहे, दुसऱ्या बाईच्या घरात. सहा वर्षं झाली. तिकडे त्याला मुलगीही आहे. हे आम्ही लपवलं आणि लपवून तुमच्याकडून शब्द घेतला. फसवून घेतलेला होकार होकार नसतो. तुमचा होकार परत घ्या. खोट तुमच्या मुलीत नाही. खोट आमच्या घरात आहे, हे या सगळ्यांसमोर सांगते."

मेंढ्याचं रवंथ तेवढं ऐकू येत होतं.

वन्सं पुढे धावल्या, माझा दंड धरला. "वहिनी! गप्प बैस! भावाची अब्रू..."

"वन्सं, तुमच्या भावाची अब्रू मी सहा वर्षं इस्त्री करून ठेवली. आता त्यांची त्यांनी घालावी."

मास्तर लाल झाले. हळू आवाजात म्हणाले, "मेलाहतताई, हे आत येऊन सांगता आलं असतं. रस्त्यात कशाला?"

"उद्या तुमच्या मुलीला बोलणार कोण, मास्तर? रस्ताच ना? मग रस्त्यालाच ऐकू द्या."

मास्तर माणूस, चार गोष्टी वाचलेला. कुठे तरी त्यांना कळलं की बाई नुसत्या एका खोट्यासाठी एवढं करत नाही. वर बघून त्यांनी हाक मारली, "फिदान, खाली ये." ती आली. अंगठी काढली, माझ्या तळहातावर ठेवली. ओढणी ठेवली. मग तो फोन ठेवला. तिची बोटं थंडगार होती. मास्तर म्हणाले, "आमच्याकडून काही देणं राहिलं नाही." मी म्हटलं, "आमच्याकडूनही नाही." झालं.

तेयमूरनं दोर टाकला आणि नदीच्या बाजूला चालता झाला. मागे वळून बघितलं नाही.

मेंढा मीच परत ओढत आणला. त्याला यायचं नव्हतं, त्यांच्या अंगणातला पाला त्याला दिसला होता. अख्ख्या चढावर लोक थांबून बघत होते, नटलेला मेंढा उलटा चाललाय म्हणून. शेजारची नबात माझ्याबरोबर चालत होती, मध्येच माझ्या कानाशी लागून म्हणाली, "अगं, आम्हाला माहीतच होतं मुख्तारचं. झाकिर दुसऱ्याच वर्षी बोलला होता."

"माहीत होतं? मग परवा परवापर्यंत पायाला बरं आहे का म्हणून विचारत होतीस ती?"

"तुला बरं वाटावं म्हणून गं."

हसू की तिच्या झिंज्या उपटू, कळेना. मी खोटं बोलत होते, त्या खरं मानल्याचं खोटं बोलत होत्या, आणि या सगळ्या मेहनतीचा मलिदा कोण खात होतं? सुरगुतला बसून तुम्ही!

हाजींनी मेंढा कापला, कुर्बानी ती कुर्बानीच. सगळं मांस वाटून टाकलं. मास्तरांकडे पाठवलं नाही, ते बरोबर दिसलं नसतं. काल बाजारात खुरामान भेटली. थांबली नाही, पण जाता जाता म्हणाली, "सप्टेंबरला जातेय ती." मी मान हलवली आणि कांदे निवडत राहिले. गल्लीत आता त्या मुलीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. सगळ्यांच्या तोंडी तुम्ही आहात. आठवडाभर पुराल.

तेयमूर तीन दिवस दुकानातच झोपला. तुमच्या बहिणीनं त्याला डबे पोचवले, माझ्याकडून नेलेत हे न सांगता. मी भट्टीवर गेले नाही. घरात बसून हे पत्र लिहायला घेतलं. लिहिता लिहिता पुष्कळदा वाटलं की मुलगा हातचा घालवला मी. एका परक्या पोरीसाठी. मग वाटायचं, परकी कसली? मी ज्या ठिकाणी उभी होते तिथेच तीही उभी होती, फक्त तिला दार दिसत होतं.

आज दुपारी पत्र इथवर आलं होतं आणि फाटक वाजलं. तो आला. दाढी वाढलेली, तोच सदरा. बसला नाही.

"दुसऱ्याच्या मुलीसाठी मला भर रस्त्यात उघडं केलंस."

"तुला नाही. तुझ्या बापाला."

"एकच झालं."

"एकच होत चाललं होतं, तेयमूर. म्हणूनच केलं."

भांडी आपटेल, ओरडेल असं वाटलं. तयारीतच होते मी, जीभ परजून. तो दाराची चौकट धरून उभा राहिला. मग इतक्या बारीक आवाजात बोलला की मला त्याचं बालपण आठवलं. "मग तेव्हाच का नाही बोललीस? बाबा गेले तेव्हा. मला वाटलं तुला चालतं. मला वाटलं बायकांना असंच चालतं."

मी म्हटलं, "बस. सांगते. मला काय काय चाललं नाही ते सगळं सांगते. दुपार पुरणार नाही."

बसला.

तेव्हा मुख्तार, हे पत्र इथेच थांबवते. उत्तर पाठवू नका, वाचायला आता वेळ होणार नाही. माझा मुलगा समोर बसलाय आणि मला बोलायचंय.

मेलाहत